सुट्टीत वाचलेल्या दोन कादंबऱ्या



सुट्टीत अवांतर वाचन करा, असे आम्ही दरवर्षी तुम्हांला सांगतो. आम्ही स्वतः किती वाचतो, हे मात्र कोणी विचारीत नाही, हे आमचे नशीब! यंदा उन्हाळ्यात आम्ही शिक्षकांनी दोन कादंबऱ्या वाचायच्या असे ठरविले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). दोन्ही पुस्तके लहानच आहेत. वाचताना मनात जे आले ते येथे लिहीत आहोत.

'बनगरवाडी' ही माणदेशातील धनगरांच्या एका वाडीची गोष्ट आहे. काळ औंध संस्थानचा. एक तरुण मास्तर पहिल्याच नोकरीवर वाडीत येतो, तर शाळा ओस पडलेली. मुले मेंढरांमागे गेलेली असतात. मूल शाळेत बसले तर मेंढरे कोणी राखायची, हा आईबापांचा प्रश्न असतो आणि त्यात खोटे काही नसते. मास्तर रागावत नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मदतीने एकेक मूल गोळा करतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणे मिटवतो. पुढे वाडीकर अंगमेहनतीने तालीम बांधतात. मग दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात आणि भरलेली शाळा पुन्हा रिकामी होते.

शेवटची पाने वाचताना आमच्यापैकी कोणीच फारसे बोलले नाही. मराठी माध्यमाच्या वर्गाचा हजेरीपट दर जूनमध्ये आमच्यासमोर असतो. आमच्याकडे दुष्काळ नाही. इंग्रजी शाळेची पिवळी बस गल्लीत येऊन थांबते, इतकेच. पालकांना आम्ही दोष देत नाही. मेंढरांचा प्रश्न जसा खरा होता, तसा नोकरीचाही खरा आहे. पण मास्तर घरोघर गेला होता. आम्ही किती घरी गेलो, हे विश्वस्त मंडळाने आम्हांला जरूर विचारावे.

'पाचोळा'ने आम्हांला निराळ्याच ठिकाणी पकडले. गावातील वैरात एका गरीब शिंप्याच्या घराची कशी धूळधाण होते, हे त्या शिंप्याची बायको सांगते. सबंध कादंबरी तिच्याच तोंडच्या मराठवाडी बोलीत आहे. नववीच्या वर्गात आम्ही त्यातील काही पाने मोठ्याने वाचून दाखविली. आधी मुले हसली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर आमच्या आजीसारखीच बोलते!" मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग आमच्या वहीत 'काय करायलास' लिहिलं की तुम्ही लाल रेघ का मारता?"

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. परीक्षेत प्रमाण भाषा लिहावी लागते, असे काहीतरी आम्ही सांगितले. ते खरेही आहे. परंतु चूक आणि बोली यांतला फरक आम्ही कधी समजावून सांगितला नव्हता. रेघ मारून मोकळे होत होतो.

आता थोडा इतिहास. आपला मुधोळ तालुका हैदराबाद संस्थानात असताना नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. म्हणजे घर न हलविता आपल्या आजोबांचे राज्य, जिल्हा सारे बदलले. बोली मात्र नांदेडकडचीच राहिली. तिच्यात तेलुगू आणि उर्दू शब्द मिसळले आहेत म्हणून नातेवाइकांकडे गेल्यावर मुले बोलायला लाजतात, असे पालकच सांगतात.

हे फक्त आपलेच दुखणे आहे असे समजू नका. तेलंगणाच्या तेलुगूलाही पुष्कळ वर्षे गावंढळ म्हणून हिणवले गेले. दाशरथी रंगाचार्य यांनी 'चिल्लर देवुळ्ळु' या कादंबरीत निजामाच्या काळातील तेलंगणाचे खेडे रंगविले, ते इथल्या माणसांच्या बोलीसह. तिला १९७१ साली आंध्र प्रदेश साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'पाचोळा' प्रसिद्ध झाली तेच हे साल! तेलुगू वाचणाऱ्या मुलांनी ती जरूर मिळवून वाचावी व वर्गात तिची गोष्ट मराठीत सांगावी.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिले अक्षर बासरला सरस्वतीपुढे गिरविले आहे. ते कोणत्या भाषेतले होते, हे घरी विचारून पाहा.

स्वाध्याय (इयत्ता सातवी ते दहावी) :
आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून त्यांच्या लहानपणचा एक प्रसंग ऐका. तो त्यांच्याच शब्दांत पंधरा ओळींत लिहा. शब्द बदलू नका, 'शुद्ध' करू नका. तेलुगू किंवा उर्दू शब्द आला तर तसाच ठेवा आणि खाली त्याचा अर्थ द्या. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. या वह्यांवर लाल रेघ मारली जाणार नाही.