आधी पाटी वाचा, मग गाडीत बसा

बाजाराला जायचे असते. लेकीला माहेरी आणायचे असते. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचे असते. एस. टी. नुकतीच निघून गेलेली असते. तेवढ्यात जीपवाला हाक मारतो, “चला अंबड, अंबड! एकच जागा राहिली!” आपण चढतो. गाडीच्या पाटीकडे कोण बघतो?

पण आता आपल्याला वाचता येते. म्हणून आज गाडीची पाटी वाचायला शिकू.

पाटीचा रंग

गाडीच्या पुढे व मागे नंबरची पाटी असते. आपल्या जालना जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीवर ‘एम. एच. २१’ असे असते. अक्षरे इंग्रजी असतात. पण रंग ओळखायला इंग्रजी लागत नाही.

पांढरी पाटी, काळी अक्षरे : ही घरची गाडी. मालकाने स्वतःसाठी वापरायची.

पिवळी पाटी, काळी अक्षरे : ही भाड्याची गाडी.

विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. तिच्यावर पांढरी अक्षरे असली तर ती घरची. पिवळी अक्षरे असली तर ती भाड्याची.

घरच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवता येत नाहीत. त्यासाठी आर. टी. ओ. कचेरीतून परवाना काढावा लागतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा तसे सांगतो. परवाना नसता भाडे मारले, तर दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

परवाना कशाला?

वर्गात एक काका विचारतात, “गुरुजी, गाडी काय पाटीवर चालती का? पांढऱ्या पाटीची जीप बी त्याच रस्त्यानं जाती.”

“जाते, काका. पण भाड्याच्या गाडीची तपासणी होते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. ब्रेक, दिवे, चाके बघतात. घरच्या गाडीला पंधरा वर्षे अशी तपासणी नसते.”

“बरं. आन् दुसरं?”

“दुसरं विम्याचं. घरच्या गाडीचा विमा भाड्यासाठी नसतो. अपघात झाला, की कंपनी म्हणते, भाडे घेतले, आम्ही बांधील नाही. मग भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. मालकाकडे ती एक जीपच असते. तो देणार कुठून? कोर्ट कधी कंपनीला म्हणते, आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा. पण तोवर घरच्यांना कोर्टात खेटे घालावे लागतात.”

अपघात सांगून येत नाही. १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी जीप जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत पडली. ७ माणसे गेली.

नुसती पिवळी पाटी पुरत नाही

मालाच्या टेंपोलाही पिवळी पाटी असते. पण तो परवाना मालाचा, माणसांचा नव्हे. लग्नाचे वऱ्हाड टेंपोत बसवू नये. अशा प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले आहे.

माणसे किती बसली तेही मोजावे. ड्रायव्हर सोडून सहापर्यंत माणसांची ती लहान गाडी. सात ते बारा माणसांची ती मोठी, म्हणजे मॅक्सी कॅब. नेमका आकडा परवान्यात लिहिलेला असतो. जास्तीच्या प्रत्येक माणसामागे दोनशे रुपये दंड असतो.

दंड मालकाचा, पण तोटा आपला. समजा, विमा बारांचा आहे आणि गाडीत वीस बसले. मग कंपनी बारांपुरतीच रक्कम भरते. ती वीस घरांत वाटली जाते. उरलेले मालकाकडे मागत बसावे लागते. हे २००७ च्या निकालात ठरले आहे.

मग जायचं कसं?

मावशी म्हणतात, “हे समदं खरं. पण आमच्या गावाला एस. टी. दोनदाच येती. जीप नसली तर दवाखाना कसा गाठायचा?”

मावशींचे म्हणणे रास्त आहे. जीपवाला आपल्याच गावचा पोर असतो. त्याचेही पोट गाडीवर आहे. त्याला गाडी बंद कर म्हणू नका. परवाना काढ म्हणा. परवाना असला तर पोलीस दिसताच आडवाटेने पळावे लागणार नाही.

एस. टी.ची फेरी वाढवायची तर ग्रामसभेत ठराव करा. ठरावाची नक्कल जोडून आगारप्रमुखाला अर्ज द्या. पोच घ्या. अर्ज आपणच लिहू या.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करावा. गाडीचा नंबर टिपून ठेवावा. पोलिसांतल्या फिर्यादीची नक्कल आणि दवाखान्याचे कागद जपावेत. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावावा. बाईमाणसाला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

ध्यानात ठेवा

रंग बघा. माणसे मोजा. जागा नसेल तर थांबा. उशिरा पोचलेले बरे, पण सगळे घरी पोचले पाहिजेत.

उत्तरे लिहा

१. भाड्याच्या गाडीची पाटी कोणत्या रंगाची असते?
२. वऱ्हाड टेंपोतून का नेऊ नये?
३. आपल्या गावाला एस. टी.ची एक फेरी वाढवून मागणारा अर्ज लिहा.