मतदान होतंय, मग लोकशाहीला धोका कसला?

प्रश्न : दर पाच वर्षांनी मतदान होतं, आम्ही रांगेत उभे राहून मत देतो, सरकारं पडतात, नवी येतात. तरी लोकशाही धोक्यात असल्याची ओरड सारखी का होते? धोका नेमका कुठून येतो?
— एक वाचक, इस्लापूर (ता. किनवट, जि. नांदेड)

उत्तर : तुमच्या भागाचाच इतिहास आधी पाहू. इस्लापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. 1939 मध्ये निजामाने ‘सुधारणा’ जाहीर केल्या, पण त्यांत प्रत्येक प्रौढाला मत नव्हतं. प्रतिनिधित्व व्यवसाय आणि हितसंबंध पाहून द्यायचं होतं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. तरी मराठवाड्यातल्या शेतमजुराने आणि त्याच्या बायकोने जमीनदाराच्या बरोबरीचं मत टाकलं ते 1951-52 च्या निवडणुकीत. म्हणजे इथला मताधिकार जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे.

लष्कर चालून आलं की लोकशाही संपते, हे सगळ्यांना कळतं. पण कायद्याच्या वाटेनेही ती आकसते. 25 जून 1975 ला आणीबाणी घटनेतल्याच कलमाखाली आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक गजाआड गेले आणि लोकसभेची मुदत संसदेनेच वाढवून घेतली. निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरलेले, ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांना स्वतंत्र भारतात या काळात तुरुंगवास घडला. 1977 मध्ये मतदारांनी सत्ता बदलली, पण त्यासाठी आधी निवडणूक जाहीर व्हावी लागली.

निवडणूकच झाली नाही तर? मार्च 2022 मध्ये नांदेडसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोवर तीन वर्षं उलटली होती. रस्ता का झाला नाही, हे विचारायला गटातला निवडून आलेला सदस्यच नव्हता. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण तो मत मागायला दारात येत नाही.

दुसरा धोका पैशाचा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे ग्रामपंचायतीच्या पदांसाठी लिलाव झाल्याचं उघड झालं. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोलीचा पैसा देवळाच्या कामाला जाणार, असं म्हटलं की गावाला त्यात वावगं वाटत नाही. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा उभं राहण्याचा हक्क त्या बोलीतच संपतो. बिनविरोध निवड आणि विकत घेतलेली निवड यांत फरक आहे.

मोबाइलवर फिरणाऱ्या बनावट चित्रफिती हा आजचा नवा धोका. पण गावातल्या सभेत समोरासमोर विचारण्याची सवय मोडलेली असली, की अशी अफवा अधिक लवकर खरी ठरते.

ही सवय टिकवण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. सर्वसाधारण ग्रामपंचायतींत गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पाच-दहा जणांत ठराव होतात, उरलेल्या सह्या नंतर घरोघर फिरून गोळा होतात. कागदावर सगळं नियमात बसतं.

तेव्हा मतदान होतं एवढ्यावर निश्चिंत राहू नका. निवडणूक वेळेवर होते का, कुणालाही उभं राहता येतं का आणि निवडून आलेल्याला मधल्या पाच वर्षांत जाब विचारता येतो का, हे तिन्ही पाहा. पुढच्या ग्रामसभेला जा आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करू लागला, तर धोका कुठून येतो याचं उत्तर तुम्हाला गावातच मिळेल.