मुळीची परीक्षा

सह्याद्रीच्या पायथ्याशी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके वसले आहेत. येथील ठाकर व कातकरी लोकांना रानातील झाडपाल्याची मोठी जाण. कोणती साल तापावर उगाळून द्यावी, कोणता पाला जखमेवर बांधावा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी चालत आले. कर्जत तालुक्यातील कशेळे येथे दर्शन शंकर यांनी उभारलेल्या संस्थेने या वनौषधींच्या अभ्यासास हात घातला.

परंतु मुलांनो, जुने म्हणून सारेच खरे काय? आणि रानातले म्हणून सारेच खोटे काय? याचे उत्तर सर्पगंधा नावाच्या एका लहानशा झुडपाने दिले आहे.

सर्पगंधेची मुळी लोक दोन कामांसाठी वापरीत. भ्रमिष्टाला शांत झोप यावी म्हणून ती देत आणि साप चावल्यावरही देत. मुळीने रक्तदाब उतरतो, असे 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यांनी नोंदविले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रोग्यांवर तिचा प्रयोग केला. रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या आणि 1949 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. त्याचे दोषही कळले; काही रोग्यांना त्याने औदासीन्य येई. गुणाबरोबर दोष सांगते, तीच खरी परीक्षा!

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र मुळी कसोटीस उतरली नाही. मग लोकांचा विश्वास का बसला? बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा रोगी आपोआप वाचे आणि श्रेय मुळीला मिळे! विषावर खरा उतारा म्हणजे घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस. भातलावणीच्या दिवसांत कोणास साप चावला, तर मुळी उगाळण्यात घटका दवडू नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव न हलविता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मुळी एकच, एक समज खरा ठरला, दुसरा खोटा. जाणत्या लोकांनी ती ओळखली नसती, तर वकिलांच्या हाती काय आले असते? आणि वकिलांनी ती पारखली नसती, तर खऱ्याखोट्याची निवड कोणी केली असती? म्हणून जाणत्याला मान द्यावा आणि औषधाला कसोटी लावावी.

स्वाध्याय

1. सर्पगंधेबद्दलचा कोणता समज खरा ठरला व कोणता खोटा?
2. सर्पदंशावर मुळी गुणकारी आहे, असे लोकांना का वाटले?
3. तुमच्या घरी वापरला जाणारा एखादा घरगुती उपाय सांगा. त्याची परीक्षा कशी करता येईल, ते लिहा.