टक्का ठरला, पण कशाचा?

एक-दोन रात्रींपासून आठवड्याभरापर्यंत भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या व्यवसायात मालक आणि पाहुणा यांच्यामध्ये जी तिसरी व्यक्ती उभी असते, तिला अलीकडे ‘सह-यजमान’ असे नाव मिळाले आहे. घर तिचे नसते, परंतु बुकिंग स्वीकारणे, दर ठरवणे, चादरी बदलून घेणे आणि रात्री अकरा वाजता पाण्याचा पंप बंद पडला तर वायरमनला शोधून आणणे ही सारी जबाबदारी तिचीच असते. अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावरच्या गावांत हेच काम ‘बंगला सांभाळणे’ या शब्दांत ओळखले जाते, आणि मोबदल्याविषयीचा पहिला गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो, कारण बंगला सांभाळणाऱ्याला महिन्याचा पगार देण्याची रीत आहे, तर सह-यजमानाला उत्पन्नातला टक्का दिला जातो.

हा टक्का साधारणतः 10 ते 25 च्या दरम्यान बोलला जातो आणि वाटाघाटीचा सारा जोर त्या आकड्यावरच खर्च होतो. प्रस्तुत लेखकाने मुंबईस्थित एका मालकांच्या तीन खोल्यांच्या बंगल्याचे काम स्वीकारताना नेमके हेच केले. मालक 15 वर अडून होते, लेखकाने त्यांना 20 वर आणले आणि त्या समाधानात ‘कशाचे 20 टक्के’ हे विचारायचे राहून गेले. मालकांच्या मनात ‘नफ्याचे’ होते, लेखकाच्या मनात ‘भाड्याचे’. पहिल्याच वर्षी गच्चीची गळती काढली गेली, दोन एसी बदलले गेले आणि तो सारा खर्च वजा झाल्यावर, नाताळच्या आठवड्यात एकही रात्र रिकामी न गेलेल्या त्या बंगल्याचा वर्षाचा नफा नाममात्र उरला. मालकांनी फसवले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या वहीत सर्व काही सरळच होते; चूक दोघांची होती, किंमत मात्र एकाने मोजली. गच्ची दुरुस्त झाल्याने वास्तूचे जे मूल्य टिकते वा वाढते ते मालकाकडेच राहते, त्यामुळे अशा भांडवली खर्चाचा भार सह-यजमानाच्या टक्क्यावर पडणे तर्काला धरून नाही.

म्हणून टक्का ज्या रकमेवर मोजायचा ती आधाररक्कम आधी लिहून काढावी. अनुभवाअंती सर्वांत कमी वादाचा ठरलेला आधार म्हणजे पाहुण्याने दिलेले भाडे, वजा कर, वजा बुकिंगच्या संकेतस्थळाचे शुल्क. कर वगळणे उघडच योग्य आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरील भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे, आणि तो पैसा दोघांपैकी कोणाचाच नसतो. शुल्काची बाब अधिक नाजूक आहे. एअरबीएनबीच्या ज्या पद्धतीत यजमान आणि पाहुणा दोघांकडून शुल्क घेतले जाते, तीत यजमानाच्या वाट्याला साधारण 3 टक्के येतात, तर संपूर्ण शुल्क यजमानाकडूनच घेण्याच्या पद्धतीत हा आकडा 15 टक्क्यांच्या आसपास जातो. दर न वाढवता पद्धत बदलली तर 10,000 रुपयांच्या रात्रीवरील आधाररक्कम 9,700 वरून सुमारे 8,500 वर येते आणि 20 टक्क्यांचा मोबदला 1,940 ऐवजी 1,700 रुपये होतो. काम तेवढेच राहते.

तथापि आधार निश्चित झाला तरी सगळे काम टक्क्यात मावत नाही. उदाहरणादाखल, कर आणि शुल्क वजा जाता 10,000 रुपये दराने एकच कुटुंब तीन रात्री राहिले काय आणि तीन वेगवेगळे गट एकेक रात्र राहिले काय, आधाररक्कम 30,000 आणि 20 टक्के म्हणजे 6,000 रुपयेच. परंतु प्रत्येक गट गेल्यावर झाडलोट, चादरी-टॉवेलांची धुलाई आणि गॅस-पाण्याची तपासणी यांवर 2,000 रुपये लागतात असे धरले आणि ते सह-यजमानाच्या खिशातून जात असतील, तर पहिल्या प्रकारात त्याच्या हाती 4,000 उरतात आणि दुसऱ्यात शून्य. शनिवार-रविवारवर जगणाऱ्या अलिबागसारख्या ठिकाणी दुसरा प्रकारच नेहमीचा आहे. त्यामुळे सफाईचा खर्च टक्क्यात न गुंडाळता दर गटामागे ठरावीक रकमेने वेगळा घ्यावा, किंवा तो पाहुण्याच्या बिलात सफाई-शुल्क म्हणून दाखवून पूर्णपणे सह-यजमानाकडे वळवावा.

पावसाळ्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच त्या काळात बंद राहतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेमुळे सुट्टीला गाड्या येतात, पण आठवड्याचे मधले दिवस घर कुलूपबंदच असते. कुलूपबंद घराला काम नसते हा समज शहरात बसूनच होऊ शकतो. गाद्यांना बुरशी येते, खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात, अंगणात गवत गुडघ्यापर्यंत वाढते, आणि हे सारे पाहणाऱ्याच्या नावे टक्का शून्य पडतो. तेव्हा जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी एक किमान मासिक रक्कम ठरवणे आवश्यक आहे. मालकांनी याला नकार दिल्यास ते काम सोडावे, असे लेखकाचे आता स्पष्ट मत झाले आहे.

न्याय दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. जे मालक पाहुण्यांच्या संदेशांना स्वतः उत्तरे देतात आणि दरही स्वतःच ठरवतात, त्यांच्याकडून 20 टक्के मागणे हे अवाजवी आहे. तेथे दर गटामागे ठरावीक रक्कम पुरेशी ठरते. एकतीस डिसेंबरला दर दुप्पट होतो त्यातही सह-यजमानाचे कर्तृत्व फारसे नसते. उलट परदेशी पाहुणा उतरल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यांना कळवण्यासारखे कायद्याचे काम सह-यजमानावर सोपवले असेल, तर त्याचा उल्लेख आणि मोल करारात असावे.

शेवटचा धोका बँक खात्याचा. सोयीसाठी बुकिंगचे सारे पैसे आपल्या खात्यात घेण्यास लेखकाने संमती दिली. परिणामी पूर्ण भाडे त्याच्या पॅनवर दिसू लागले आणि जे उत्पन्न त्याचे नव्हतेच त्याचा खुलासा विवरणपत्र भरताना त्याला करत बसावे लागले. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 20 लाख रुपये आहे; दोन-तीन बंगल्यांचे भाडे एका खात्यात आले तर ती ओलांडली गेल्याचे चित्र सहज उभे राहते. भाडे मालकाच्या खात्यात जावे आणि सह-यजमानाने आपल्या मोबदल्याचे दरमहा बिल द्यावे.

ज्यांचा व्यवहार आजही तोंडी शब्दावर चालला आहे, त्यांनी दिवाळीची बुकिंग सुरू होण्यापूर्वी आधाररक्कम, सफाईचा दर आणि पावसाळ्याची रक्कम एका कागदावर लिहून त्यावर मालकांची सही घ्यावी.