संगणक बिघडला? आधी वायर पाहा, मग विषाणू!



घरचा संगणक अडला की पहिला शब्द कानावर येतो तो म्हणजे ‘व्हायरस!’ पण दर वेळी दोष व्हायरसचा, म्हणजे विषाणूचा नसतो. ताप आला की डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. संगणकाचंही तसंच आहे. सोपं कारण आधी पाहायचं, अवघड नंतर. या क्रमाने गेलं तर पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च वाचतो, आणि खरा विषाणू असेल तर वेळीच ओळखू येतो.

बिघाड कसा शोधावा?

१) संगणक सुरूच होत नाही. घरात वीज आहे का? बोर्डाचं बटण चालू आहे का? मागच्या वायरी घट्ट बसल्या आहेत का? मॉनिटरचं बटण वेगळं असतं. ते बंद राहिलं तर संगणक चालू असूनही पडदा काळाच दिसतो.

२) तारीख दर वेळी चुकते. संगणकाच्या आत नाण्यासारखा गोल, ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालवायचं काम त्याचं. तो संपला की तारीख मागे जाते आणि इंटरनेटवरची पुष्कळ पानं उघडेनाशी होतात. का बरं? सुरक्षित पानाला ओळखपत्र असतं आणि त्याला मुदत असते. तारीख चुकली की मुदत जुळत नाही. सेल बदलून तारीख लावली की झालं काम!

३) मधेच आपोआप बंद पडतो. पंख्यात धूळ साचली की आत उष्णता वाढते आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. धूळ काढायची ती वीज बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने आणि मोठ्या माणसासमोरच.

४) फार हळू चालतो. एकाच वेळी खूप कामं उघडली आहेत का? साठवणीची जागा भरली आहे का? नको ते बंद करा आणि संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा. काम चालू असताना बटण दाबून एकदम बंद करू नये. फाइल खराब होण्याची भीती असते. पडदा अगदीच गोठला, काहीच हलेना, तेव्हाच बटण काही सेकंद दाबून धरायचं.

मग विषाणू म्हणजे काय?

हा सर्दी-पडशाचा जंतू नव्हे. हा कुणा माणसाने लिहिलेला प्रोग्राम असतो. तो आपल्याला न विचारता स्वतःच्या प्रती काढतो आणि एका संगणकातून दुसऱ्यात जातो. तो येतो कसा, हे तीन खऱ्या गोष्टींवरून पाहू.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीतून पसरला. त्या काळी माहिती फ्लॉपीवर नेत असत. आज तेच काम पेन ड्राइव्ह करतो. म्हणून दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला तर उघडण्याआधी तपासून घ्यायचा.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असं लिहिलेली पत्रं ई-मेलने जगभर गेली. सोबतची फाइल साध्या मजकुराची वाटे, पण तो प्रोग्राम होता. उघडली की ती आपल्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच जाई आणि आपली छायाचित्रं पुसून टाकी. पत्र ओळखीच्याच माणसाकडून आलेलं दिसे, म्हणून लोक फसले. धडा काय? ओळखीचं नाव दिसलं तरी न मागितलेली फाइल उघडायची नाही. आधी त्या माणसाला विचारायचं.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ आला. त्याने फाइलींना कुलूप लावलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. सुमारे १५० देशांत त्याचा त्रास झाला. इंग्लंडमध्ये दवाखान्यांची कामं अडली आणि रुग्णांना परत जावं लागलं. विशेष म्हणजे, तो शिरायची फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती तेच सापडले! म्हणून संगणक ‘अपडेट’ मागतो तेव्हा टाळाटाळ नको.

विषाणू शिरल्याची शंका कधी घ्यावी? पेन ड्राइव्हमधल्या फाइली नाहीशा होऊन नुसते शॉर्टकट दिसतात. विषाणूनाशक आपोआप बंद होतं. फाइल उघडत नाही आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसते. असं झालं तर आधी इंटरनेट तोडा. पेन ड्राइव्ह लावू नका. विषाणूनाशकाने पूर्ण तपासणी करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ते आधीपासूनच असतं. पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून बदला.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. पडद्यावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं आलं तर ती फसवणूक समजा. तिथे विषाणू नसतो, भीती असते, आणि त्या भीतीवरच चोर जगतो. ओटीपी कुणालाही सांगू नका. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

शेवटची आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. सातबारा पुन्हा काढता येतो, गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते. पण आजीचा फोटो गेला तर तो कोणत्या कचेरीतून आणणार? अशा फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवायची. जोडूनच ठेवली तर विषाणू तिलाही गाठतो. बियाणं सगळंच पेरत नाहीत, थोडं कणगीत राखतात, तसंच हे.

सांगा पाहू :
१) सेल संपला की इंटरनेटची पानं का उघडत नाहीत?
२) ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइलही का तपासावी?
३) प्रत ठेवलेली डिस्क जोडून का ठेवू नये?

करून पाहा : घरी संगणक किंवा मोबाइल असेल तर पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशा पाच फाइलींची यादी करा आणि या रविवारी आईबाबांसोबत त्यांची दुसरी प्रत काढा.