संशोधनातील भागीदारी आणि सरकारचा रुपया

विद्यापीठाने ज्ञान निर्माण करावे, कारखान्याने माल निर्माण करावा आणि सरकारने राज्यकारभार पाहावा, अशी सुटसुटीत वाटणी आपल्या मनात घट्ट बसलेली असते. प्रत्यक्ष व्यवहार इतका सुटसुटीत नसतो. अनेक देशांत आज सरकार स्वतः पुढाकार घेऊन प्राध्यापक आणि कारखानदार यांना एकत्र बसविते आणि दोघांनी मिळून करावयाच्या संशोधनाचा बराचसा खर्चही उचलते. आपल्या देशातही गेल्या पंचवीस वर्षांत अशा योजना एकामागून एक निघाल्या. वर्तमानपत्रात त्यांची बातमी ‘इतके कोटी मंजूर’ अशी एका ओळीत येते आणि आपण पान उलटतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला तर हा विषय आपला वाटतच नाही.

अर्थशास्त्र अभ्यासमंडळात मी या विषयावर एक टिपण वाचले, तेव्हा चर्चेत एका प्राध्यापकांनी विचारले, “नफा कारखानदाराचा, पदवी संशोधकाची, मग पैसा जनतेचा कशासाठी?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. सरकारने मध्ये का पडावे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ज्ञान ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. पोतेभर गहू एकाने खाल्ला की दुसऱ्याला उरत नाही. परंतु एखादे सूत्र एकदा सापडले की ते हजारांनी वापरले तरी झिजत नाही. साहजिकच संशोधनावर खर्च करणाऱ्याला त्याचा सगळा फायदा आपल्याच पदरात पाडून घेता येत नाही. आपल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात पाझरावे, तसा तो फायदा इतरांकडे पाझरतो. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ साली आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ साली हाच मुद्दा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. मूलभूत संशोधन निव्वळ बाजारावर सोपविले, तर समाजाला हवे त्यापेक्षा ते कमीच होणार, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी अडचण वेळेची आणि जोखमीची. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात जे साधते ते कारखान्याच्या टाकीत साधेलच असे नाही. या दोहोंमधील वाट लांब आणि खर्चाची असते. प्राध्यापकाचे काम शोधनिबंध छापून आल्यावर संपते. कारखानदाराचे काम माल विकला जाण्याची खात्री पटल्यावर सुरू होते. मधला पट्टा कोणाचाच नसतो. सरकारी अनुदानाची खरी जागा या पट्ट्यात आहे.

आपल्या देशाची स्थिती या बाबतीत फारशी समाधानकारक नाही. २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास होता. दक्षिण कोरियात हाच एकूण खर्च ४ टक्क्यांहून अधिक असून त्याचा फार मोठा भाग उद्योग स्वतः करतात. म्हणजे आपल्याकडे सरकारला दुहेरी काम आहे : स्वतः खर्च करणे आणि उद्योगांना खर्च करावयास लावणे.

२. एक जुना दाखला

ही त्रिपक्षीय भागीदारी आपल्याला अगदीच नवी नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली, ती अशाच भागीदारीतून. जमशेटजी टाटांनी त्यासाठी मुंबईतील आपल्या मालमत्तेचे दान देऊ केले. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन आणि वार्षिक अनुदान दिले. हिंदुस्थान सरकारनेही अनुदान दिले. टाटा १९०४ साली निवर्तले, त्यांना संस्था पाहावयास मिळाली नाही.

या संस्थेचा उद्योगाला झालेला एक प्रारंभीचा उपयोग मोठा बोधप्रद आहे. म्हैसूरचे चंदन जर्मनीला जाई आणि तेल तिकडे निघे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ही निर्यात बंद पडली. चंदनाचे लाकूड पडून राहिले. तेव्हा संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल गाळण्याची पद्धत बसवून दिली आणि १९१६ साली संस्थानाने बंगळूरला तेलाचा कारखाना काढला. पुढे त्याच तेलापासून म्हैसूर सँडल साबण तयार होऊ लागला. जंगल संस्थानाचे, संशोधन संस्थेचे आणि कारखानाही संस्थानाचाच. त्यामुळे नफा कोणाचा हा वाद उद्भवलाच नाही. आज कारखानदार बहुधा खाजगी असतो, आणि तेथेच प्रश्नाची गाठ पडते.

३. लशीच्या एका थेंबाची गोष्ट

ही गाठ कशी सुटू शकते, याचा मला आढळलेला उत्तम नमुना म्हणजे ‘रोटाव्हॅक’ ही लस. रोटा विषाणूमुळे लहान मुलांना तीव्र जुलाब होतात. लस येण्यापूर्वी या एका विषाणूमुळे भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके दगावत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दोन परदेशी लशी उपलब्ध होत्या. परंतु त्यांची किंमत गरीब देशांतील सरकारांना जड जाणारी होती.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात अर्भकांमध्ये या विषाणूचा एक प्रकार आढळला. त्याची लागण होऊनही ही अर्भके आजारी पडली नाहीत. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. निसर्गाने आयतीच तयार करून दिलेली ही जणू लस होती. तिला ‘११६ ई’ असे नाव मिळाले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतही असाच दुसरा एक प्रकार सापडला होता. पुढे दोहोंची चाचणी झाली, तेव्हा दिल्लीचा प्रकार सरस ठरला.

दिल्लीची ही संस्था स्वतःच्या पदव्या देते, म्हणून ती विद्यापीठाच्याच पंगतीतली. तिच्याकडे ज्ञान होते, पण लस तयार करण्याचा कारखाना नव्हता. उत्पादनाची जबाबदारी हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने घेतली. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग पाठीशी राहिला; अमेरिकेतील संशोधन संस्था आणि परदेशी दानसंस्था यांनीही हातभार लावला. २०११ साली अंतिम चाचणी सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचे वढू अशा तीन ठिकाणची ६,७९९ बालके तीत सहभागी झाली. पहिल्या वर्षात तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते, असे दिसून आले. हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु रोग इतका सार्वत्रिक असताना निम्म्याहून अधिक मुलांचा बचाव होणे ही लहान गोष्ट नव्हे.

माझ्या मते या कथेतील सर्वांत महत्त्वाची बाब लशीच्या किमतीची आहे. २०१३ साली चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले, त्याच वेळी मात्रेची किंमत एक डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ५४ रुपये राहील, असे कंपनीने सांगितले होते. लशीला परवाना मिळाला २०१४ साली. म्हणजे माल बाजारात येण्यापूर्वीच त्याची किंमत सर्वांना ठाऊक होती. मार्च २०१६ मध्ये चार राज्यांत ही लस सार्वत्रिक लसीकरणात मोफत देण्यास प्रारंभ झाला. २०१९ साली रोटा लसीकरण देशभर पोहोचले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाल्याने इतर देशांनाही ती घेता येऊ लागली.

निरीक्षणापासून लोकार्पणापर्यंत तीस वर्षे गेली. कोणत्या कारखानदाराने एवढा काळ एकट्याने धीर धरला असता? आणि कोणत्या प्राध्यापकाने एकट्याने लाखो मात्रा तयार केल्या असत्या? सरकारने पैसा दिला हे खरेच. पण त्याहूनही सरकारने वेळ दिला आणि सर्वसामान्यांच्या वतीने किमतीकडे लक्ष ठेवले, हे अधिक मोलाचे.

४. मालकी कोणाची?

सर्वत्र गोष्टी इतक्या सुरळीत होत नाहीत. अमेरिकेत १९८० पर्यंत सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे बहुधा सरकारकडेच राहत. अशी सुमारे २८ हजार पेटंटे जमली होती, पण त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी पेटंटे उद्योगांच्या उपयोगात आली होती. यावर उपाय म्हणून बाय आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याने विद्यापीठांना आपल्या शोधांची मालकी ठेवण्याची व ते उद्योगांना वापरावयास देण्याची मुभा दिली. विद्यापीठांच्या आवारात पेटंट कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि नव्या कंपन्या निघाल्या. मात्र शोधाचा लाभ लोकांना वाजवी रीतीने मिळाला नाही, तर सरकारने हस्तक्षेप करावा, असे जे कलम त्यात होते, ते पहिल्या चाळीस वर्षांत एकदाही वापरले गेले नाही. औषधे महाग असल्याची तक्रार रुग्णांनी पुनःपुन्हा केली, तरीही!

त्याच धर्तीचे एक विधेयक आपल्या राज्यसभेत डिसेंबर २००८ मध्ये मांडले गेले. जनतेच्या पैशातून निघालेले ज्ञान पेटंटात कोंडले जाईल, अशी टीका अनेक शास्त्रज्ञांनी व कार्यकर्त्यांनी केली. अखेर ते मागे घेण्यात आले. परंतु विधेयक मागे घेतल्याने प्रश्न मागे हटत नाही. कोव्हिडच्या साथीत, २०२० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून ‘कोव्हॅक्सिन’ तयार झाली. ही संस्था विद्यापीठ नव्हे, पण पैसा जनतेचाच. विक्रीवर स्वामित्वधन मिळण्याची तरतूद करारात होती. तरी कंपनीच्या पेटंटाच्या अर्जात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे नाव नव्हते. अनवधानाने राहून गेल्याचे सांगून कंपनीने २०२४ साली ते समाविष्ट करण्याची कार्यवाही सुरू केली. यावरून एवढेच शिकावयाचे की, मालकीचा कागद काम सुरू होण्यापूर्वी लिहावा, फळ हाती आल्यावर नव्हे.

५. आजच्या योजना

२०१५ साली जाहीर झालेल्या उच्चतर आविष्कार योजनेत खर्चाची वाटणी स्पष्ट होती : निम्मा वाटा शिक्षण खात्याचा, पाव संबंधित मंत्रालयाचा आणि पाव उद्योगाचा. उद्योगाने स्वतःच्या खिशातले काही घातल्याशिवाय सरकारी पैसा मिळू नये, हे तत्त्व मला पटते. फुकटच्या बियाण्याची पेरणी कोणी काळजीने करीत नाही. पण योजना प्रामुख्याने आय.आय.टी.साठी आखलेली होती. देशातले बहुसंख्य विद्यार्थी ज्या राज्य विद्यापीठांत व संलग्न महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्या दारापर्यंत ती कशी येणार?

२०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्यांतील १४ हजार कोटी सरकारचे, आणि उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, दानसंस्था इत्यादींकडून येतील असे गृहीत धरले गेले. मोठ्या संस्थेने लहान विद्यापीठांना हाताशी धरावे, असा एक कार्यक्रमही या प्रतिष्ठानाने आखला आहे. तो स्वागतार्ह आहे. यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या दुसऱ्या योजनेस मान्यता दिली. तिचा भर खाजगी उद्योगांच्या संशोधनासाठी अल्प व्याजाचे किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यावर आहे. पूर्वी सरकार विद्यापीठाचा हात धरून उद्योगाकडे जाई; आता ते थेट उद्योगाच्या दारी निघाले आहे. या वाटेत विद्यापीठ मागे पडणार नाही ना, अशी शंका माझ्या मनात येते.

६. आणि आपण?

येथे कला शाखेचा संबंध काय, असे कोणी विचारील. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या कायद्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांच्या, विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे सांधा जुळतो, त्या भागालाही स्थान दिले आहे. शब्द सावध आहेत, पण दार किलकिले आहे. वढूसारख्या गावात चाचणीसाठी आपले मूल द्यावयाचे, तर आईबापांची संमती लागते आणि ती नीट समजावून घ्यावी लागते. त्यांना त्यांच्या भाषेत काय सांगावयाचे, त्यांची भीती कशी ओळखावयाची, ‘नाही’ म्हणण्याचा त्यांचा हक्क कसा जपावयाचा, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकाचे काम आहे. वाजवी किंमत म्हणजे किती, हा तर सरळ अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

आता त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे वळू. पैसा जनतेचा का? माझे उत्तर असे : जनतेने पैसा घालावा, पण धर्मादाय म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. भागीदार आरंभीच अटी ठरवितो. माझ्या मते अशा तीन अटी असाव्यात. पहिली, फळ कोणाला आणि कोणत्या दराने मिळणार, हे शक्य तितके आधी ठरावे. दुसरी, निष्कर्ष प्रतिकूल निघाले तरी ते प्रसिद्ध करण्याचा संशोधकाचा हक्क अबाधित राहावा. तिसरी, कोणता प्रश्न संशोधनास घ्यावयाचा, हे फक्त बाजाराने ठरवू नये. गरिबाघरच्या मुलाचे जुलाब बाजाराला तीस वर्षे थांबण्याइतके मोलाचे वाटले नसते.

या तीन अटी करारात असतील, तर सरकारचा रुपया सत्कारणी लागला असे म्हणता येईल. त्या नसतील, तर तो केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. यापुढे ‘इतके कोटी मंजूर’ ही बातमी वाचताना आपण पान उलटण्यापूर्वी ‘कोणत्या अटींवर?’ एवढे तरी विचारावे, असे सुचवून हा लेख संपविते.