कामाचा संगणक आणि त्याची राखण

दुकानाची बिले, हिशेबाचे तक्ते, अर्ज आणि पत्रे ही नित्याची कामे आज संगणकावर होतात. ती कामे करणारी आज्ञावली वेगळी आणि तिचे रक्षण करणारी वेगळी, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे पुण्यातील कैलास काटकर यांच्या वाटचालीवरून ध्यानात येते.

काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील. त्यांचे औपचारिक शिक्षण शाळेपाशीच थांबले आणि ते रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात अल्प वेतनावर कामास लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कार्यालयांत संगणक येऊ लागताच तीही दुरुस्ती त्यांनी शिकून घेतली. दुरुस्तीस आलेल्या कित्येक संगणकांचे यंत्र धड असे; बिघाड असे तो व्हायरसचा. व्हायरस हीदेखील एक आज्ञावलीच, मात्र घातक. एका संगणकातील फ्लॉपी दुसऱ्यात घातली, की तोही तिच्यासोबत जाई. म्हणजे ज्या वाटेने काम जाई, त्याच वाटेने रोगही पसरे. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी यावर उतारा म्हणून आज्ञावली लिहिली. १९९५ मध्ये काटकर बंधूंची कंपनी नोंदली गेली, २००७ मध्ये तिने 'क्विक हील' हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

परंतु राखणदार नेमला म्हणून दार उघडे टाकता येत नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष हे, की ज्या त्रुटीतून ती शिरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती! पडद्यावर येणारी 'अपडेट'ची सूचना कामात व्यत्यय वाटते आणि आपण 'नंतर' हे बटण दाबतो. ही दिरंगाई महागात पडते.

महिन्याच्या हिशेबाची फाईल बंद करताना तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो लगेच काढून ठेवावा. तो संगणकाला जोडलेलाच राहिला, तर कुलूप लावणारी आज्ञावली त्यावरील प्रतही सोडत नाही.